एका चुलीचा दाखला

“आत जायचं की मागं फिरायचं ते लवकर ठरवा,” शेटेकाकू माझ्या कानाशी पुटपुटल्या, “नाहीतर पुढचं भांडं आपल्या डोक्यात बसेल.”

आम्ही तिघे विश्वस्त काशिदांच्या पायरीवर एकामागे एक उभे होतो. सगळ्यांत पुढे अध्यक्ष तौर सर, त्यांच्या मागे शेटेकाकू आणि शेवटी मी. दार अर्धं उघडं होतं. आत स्टीलचं झाकण फरशीवर गरगरत होतं आणि त्याच्यावरून एका बाईचा आवाज चढत होता.

“तांदळाच्या डब्यात! गूळ लपवायला तांदळाचा डबा सापडला तुम्हाला! या वयात लाज वाटत नाही?”

“तुझ्या बापाचा हाय का गूळ?” दुसरा आवाज जाड, दमदार.

“साखर तीनशेवर गेलीय तुमची! उद्या मेलात म्हणजे? तीन पोरी मी एकटीनं उजवायच्या?”

तौर सरांच्या हातात गुणतक्ता होता. त्यातला पहिलाच रकाना ‘घरातील सलोखा, गुण वीस’ असा. सरांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ आतला गोंधळ ऐकला आणि टोपण पुन्हा लावून टाकलं.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. बार्शीत आमची ‘सहजीवन कुटुंब सेवा संस्था’ होती. नवराबायकोची भांडणं मिटवायची, सासू-सुनेला समोरासमोर बसवून बोलतं करायचं, घर सोडून आलेल्या बाईला चार दिवस आसरा द्यायचा, अशी तिची कामं. माझे वडील संस्थापकांपैकी एक. ते वारले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, पांडे चौकाच्या अलीकडे माझं चष्म्याचं दुकान, आणि लग्न झालेलं नव्हतं. पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारलं, “याला संसाराचा काय अनुभव?” शेटेकाकू म्हणाल्या, “नाही म्हणूनच घेतलाय. इथं प्रत्येकजण आपापल्या घरचं भांडण घेऊन येतो. एकजण तरी रिकामा असू दे.”

आणि ‘आदर्श कुटुंब पुरस्कार’ ही कल्पना माझी, या रिकाम्या माणसाची. नेहमी मोडलेल्या संसारांचंच काय घेऊन बसायचं, चांगल्या घरांचंही कौतुक करू या, असं मी बैठकीत म्हणालो. तौर सरांना ते पटलं नव्हतं. छत्तीस वर्षं गणित शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. कशालाही चटकन हो म्हणायची सवयच नव्हती त्यांना. “द्यायचाच असेल तर तपासून द्या,” एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी शंभर गुणांचा तक्ता स्वतः आखून घेऊन आले. सलोखा, स्वच्छता, वडीलधाऱ्यांचा मान, निर्व्यसनीपणा आणि विचार. प्रत्येकी वीस. पाहणीला न कळवता जायचं, हेही त्यांनीच ठरवलं.

त्या दिवशी सकाळी आम्ही भिंगारे वकिलांकडे जाऊन आलो होतो. न कळवता गेलो होतो, तरी चार सुना नऊवारी नेसून रांगेत उभ्या होत्या आणि दारात ताजी रांगोळी होती. एका सुनेनं भावगीत म्हटलं. वकीलसाहेब म्हणाले, “आमच्याकडे आजवर आवाज असा कुणाचा चढला नाही.” तेवढ्यात माजघरातून कुणीतरी कुणाला तरी दातओठ खाऊन “थांब, जाऊ दे ह्यांना” असं म्हटल्याचं मला ऐकू आलं. शेटेकाकूंनाही आलं असावं, कारण त्या एकदम खोकल्या. तौर सरांनी शहाण्णव गुण दिले. चार कशाचे कापले ते विचारलं, तर म्हणाले, “गाण्याचे.”

दुसरा अर्ज या काशिदांचा होता. ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ या ठिकाणी दोन बायकांची नावं: श्रीमती सोजर महादेव काशीद आणि श्रीमती निलावती महादेव काशीद. पुढे दोन सह्या. जावा असतील असं आम्ही धरून चाललो होतो.

शेवटी शेटेकाकूंनीच कडी वाजवली. आतला आवाज कात्रीनं कापल्यासारखा थांबला. पस्तीस-अडतिशीची, सडपातळ, पदर खोचलेली बाई बाहेर आली. हातात गुळाचा खडा.

“सहजीवन संस्थेकडून आलोय,” तौर सर म्हणाले. “पाहणी.”

बाईनं गूळ पाठीमागे नेला. “या की. आम्ही जरा… डबे आवरत होतो.”

दोनच खोल्या, पण लख्ख. बाजेवर पन्नाशीच्या आसपासची भारदस्त बाई बसली होती, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ह्या सोजरबाई. दारात भेटली ती निलावती. भिंतीशी तीन मुली पुस्तकं घेऊन बसल्या होत्या आणि हसू दाबत होत्या.

“तुमीच सांगा सर,” सोजरबाईंनी आम्हाला बसूही दिलं नाही. “एवढासा खडा. जेवणानंतर माणसाला गोड लागतं का न्हाय?”

तौर सरांना स्वतःला दहा वर्षांपासून मधुमेह होता. घरी सून त्यांना साखरेच्या डब्याकडे बघूही देत नसे. त्यांनी घसा साफ केला. “लागतं,” ते म्हणाले.

“बघ!” सोजरबाई गरजल्या.

“पण खाऊ नये,” सर घाईघाईनं म्हणाले.

“बघा!” निलावती म्हणाली.

तक्ता भरायला सुरुवात झाली. सरांनी विचारलं, “मुली किती?”

“तीन,” सोजरबाई म्हणाल्या.

सरांनी लिहिलं आणि निलावतीकडे वळले. “आणि तुम्हाला?”

“तीन.”

“म्हणजे एकूण सहा. बाकीच्या तिघी शाळेत का?”

मुली फिसकन हसल्या. “अवो सर, तीनच की,” निलावती म्हणाली. “ह्याच. ही अंबिका, ही रेवती, ही छकुली.”

छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “तसं नव्हे. यातल्या तुमच्या पोटच्या कोणत्या, आणि ह्यांच्या कोणत्या?”

“ते आमी सांगत नसतो,” सोजरबाई म्हणाल्या. “जावा न्हाय आमी. सवती हाय.”

शेटेकाकूंनी नुकताच हातात आलेला चहाचा कप खाली ठेवला. सरांचं पेन थांबलं. आणि मी, खरं सांगतो, मनातून उडालोच.

मग त्यांनी सांगितलं, दोघींनी मिळून, एकमेकींचं बोलणं तोडत. महादेव काशीद ट्रक चालवायचा, बार्शी ते लातूर आणि पुढे. बार्शीत सोजर, लातुरात निलावती. दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. पाच वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन तो गेला आणि दहाव्याच्या दिवशी निलावती पोरीबाळींसकट बार्शीच्या दारात उभी राहिली.

“झिंज्या धरून बाहेर काढली मी हिला,” सोजरबाई म्हणाल्या. “तीन दिवस समोरच्या देवळाच्या ओट्यावर बसून ऱ्हायली. निब्बर हाय.”

“जाणार कुठं? लातुरातल्या घरमालकानं कुलूप लावलं होतं माझ्या खोलीला.”

“मग?” मी विचारलं. मला राहवतच नव्हतं.

“चौथ्या दिवशी पुन्हा भांडाय बसलो. कुणाला जास्त फसवलं त्यावर,” निलावती म्हणाली. “ह्यांना सांगायचा, गाडी लातूरला बंद पडलीय, दोन दिवस लागतील. मला सांगायचा, बार्शीला बंद पडलीय. बोटं मोडून हिशेब लावला, तर गाडी चालू कधी होती तेच कळंना!”

“माझ्याकडं वांग्याला हात लावायचा न्हाय,” सोजरबाई म्हणाल्या. “अंगावर फोड येत्यात म्हणायचा.”

“आणि माझ्याकडं वांग्याशिवाय भाकरी खायचा नाही!”

“तिथं मला हसू फुटलं बगा. दुखवट्याचं घर, बाया भेटाय आलेल्या, आन् मी हसतीया. ही बी हसाय लागली. मग म्हटलं, आता हिला घालवून कुणासंगं बोलू मी त्याच्याबद्दल?”

शेटेकाकूंनी डोळे पुसले, हसून की कशानं ते मला कळलं नाही. तौर सर मान खाली घालून कागदाकडे बघत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, “पुरस्कारासाठी अर्ज का केलात?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. निलावती म्हणाली, “घरमालक म्हणतोय, खोल्या एका कुटुंबाला दिल्या होत्या, इथं दोन कुटुंबं राहतात. महिनाअखेर सोडा. अंबिकेची बारावी आहे सर. पेपरात वाचलं, तुम्ही आदर्श कुटुंबाला सही-शिक्क्याचं सन्मानपत्र देता. म्हटलं, शिक्का मारून कुणी लिहून दिलं की हे एक कुटुंब आहे, तर तो गप बसेल.”

हे तिनं अगदी स्पष्ट सांगितलं होतं. मी तिथंच बसलो होतो. पण माझ्या डोक्यात तोवर भाषण सुरू झालं होतं.

बैठक सोमवारी झाली. सात विश्वस्त. तौर सरांनी संस्थेच्या घटनेतलं कलम वाचून दाखवलं: कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अपत्ये. “काशिदांना पुरस्कार देऊ नये असं माझं मत आहे,” ते म्हणाले आणि बसले. कारण दिलं नाही.

मग मी उठलो. वीस मिनिटं बोललो. रक्त म्हणजे काय, नातं म्हणजे काय, समाज म्हणजे काय, सगळं बोललो. मृत्यूनं तोडलेलं ज्यांनी जोडलं, असं काहीतरी म्हणालो आणि टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास लवंडला, घटनेची प्रत भिजली. तीही गोष्ट मला शुभ वाटली. ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. तौर सर शांतपणे घटनेची पानं पंख्याखाली वाळत घालत राहिले.

मी पाव किलो पेढे घेतले आणि स्कूटर थेट काशिदांच्या दारात लावली.

“जिंकलो!” मी म्हणालो. “पुरस्कार तुम्हाला. नाट्यगृहात कार्यक्रम, आमदारांच्या हस्ते शाल. पेपरात फोटो, तोही पहिल्या पानावर. मी बोलून ठेवलंय.”

मला वाटलं होतं, सोजरबाई ‘बघ!’ म्हणून गरजतील. त्यांनी निलावतीकडे पाहिलं. निलावतीनं विचारलं, “फोटोखाली काय लिहिणार?”

“हेच की! दोन सवती, एक छप्पर. सगळी कहाणी. ट्रक, लातूर, देवळाचा ओटा…”

बोलता बोलता माझा आवाज आपोआप बारीक होत गेला. थोरली अंबिका पुस्तक मिटून उभी राहिली होती. ती हसत नव्हती.

“काका,” ती म्हणाली, “कॉलेजात मी एवढंच सांगितलंय की पप्पा वारले.”

आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. तिच्या मागोमाग धाकट्या दोघीही गेल्या.

“दादा,” सोजरबाई म्हणाल्या. एवढ्या हलक्या आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो. “आमी कागद मागितला हुता. तुमी हार घिऊन आलात.”

पेढ्यांचा पुडा कुठं ठेवावा ते सुचेना. मधुमेह असलेल्या बाईपुढे ठेवता येईना आणि परतही नेववेना. शेवटी निलावतीनंच तो माझ्या हातातून घेतला. “पोरी खातील,” ती म्हणाली. तिच्या त्या मऊपणानं मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून मी तौर सरांकडे गेलो. ते अंगणात बसून शेवग्याच्या शेंगा निवडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“तुम्हाला हे आधीच माहीत होतं,” मी म्हणालो. “फोटोचं, मुलींचं. म्हणून तर विरोध केलात. मग बैठकीत सांगितलं का नाही?”

“तुमचं भाषण चाललं होतं,” सर म्हणाले. “चांगलं चाललं होतं.”

“सर!”

“बुरगुटे, सात जणांसमोर ते मांडलं असतं, तर संध्याकाळपर्यंत सात घरांत त्या मुलींचीच चर्चा झाली असती. म्हटलं, ठराव होऊ दे, त्या बायका शहाण्या आहेत, त्याच नको म्हणतील.” त्यांनी एक शेंग मोडली. “दुसरं असं की, माणसांना एकदा आदर्श करून टाकलं म्हणजे त्यांनी भांडायचं कधी? उद्या पातेलं आपटलं की शेजारी म्हणणार, बघा, आदर्श कुटुंब. त्या दोघी भांडल्याशिवाय एक दिवस राहू शकत नाहीत. पाहिलंत ना तुम्ही?”

“पण घर जाईल त्यांचं.”

“घर का जाईल? लेटरहेड आणलंय का?”

लेटरहेड माझ्या स्कूटरच्या डिकीत होतंच, आमदारांना निमंत्रण लिहायला घेतलेलं. सरांनी हात धुतले, चष्मा लावला आणि पेन काढलं. मुख्याध्यापक म्हणून त्यांनी आयुष्यात हजारो दाखले लिहिले असतील. हात अडखळला नाही.

“पण सर, आपल्या घटनेतली व्याख्या?”

“ती घटना आपली आहे. मी तीनदा जनगणनेची ड्यूटी केलीय. दारोदार हिंडलोय. तिथं कोण कुणाची बायको त्यावर कुटुंब मोजत नाहीत. एका चुलीवर शिजवून जेवतात ते एक कुटुंब. सरकारला एवढं पुरतं, तर घरमालकाला का पुरू नये?”

त्यांनी लिहिलेला मजकूर मला अजून तोंडपाठ आहे. ‘दाखला देण्यात येतो की, श्रीमती सोजर महादेव काशीद, श्रीमती निलावती महादेव काशीद व त्यांच्या तीन मुली या गेली पाच वर्षे वरील पत्त्यावर एकत्र राहत असून एकाच चुलीवर शिजवून जेवतात. संस्थेच्या विश्वस्तांनी समक्ष जाऊन याची खात्री केली आहे. सबब हे एक कुटुंब आहे.’ खाली सही, गोल शिक्का आणि तारीख.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरमालकाकडे गेलो. सुरवसे नावाचा चाळिशीचा माणूस, बनियनवर पेपर वाचत बसला होता. सरांना बघून तो उठला आणि आत जाऊन सदरा घालून आला.

“बस,” सर म्हणाले. “सातवीत ‘ब’ तुकडीत होतास ना? दशांश अपूर्णांक.”

“हो सर,” सुरवसे म्हणाला, पण बसला नाही.

त्यानं दाखला दोनदा वाचला. “ते खरं सर. पण लोक विचारतात हो. दोन बायका, एकीची कोण, दुसरीची कोण. मला उत्तर देता येत नाही.”

“मग आता देता येईल. हे वाचून दाखवायचं.”

“पण यात दोघींचं एकमेकींशी नातं काय ते लिहिलेलं नाही.”

सरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “तुझ्या घरी कोण कोण असतं?”

“मी, बायको, दोन मुलं. आणि माझ्या बायकोची मावशी.”

“ती मावशी तुझी कोण?”

सुरवसे आतल्या दाराकडे बघू लागला. “घरचीच म्हणायची की सर.”

“मग?” सर म्हणाले.

सुरवसेनं दाखल्याची घडी घातली. चहा मागवला, आणि त्या चहावर आणखी अकरा महिन्यांचा करार करायचं कबूल केलं. बाहेर पडल्यावर मी सरांना नमस्कार करायला वाकलो तर म्हणाले, “उगीच नाटक नको. त्या बाईच्या चष्म्याची काडी बदलून द्या.”

मी ती बदलून दिली. सोजरबाईंनी पुरस्कार नको म्हणून चार ओळींचं पत्र दिलं आणि तो भिंगारे वकिलांना मिळाला. शाल घेताना चारही सुना फोटोत होत्या, तीन हसत आणि एक दुसरीकडे बघत. अंबिका बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली, सोलापूरला नर्सिंगला गेली.

पण मला आठवतो तो सुरवसेकडे जाऊन आल्यानंतरचा गुरुवार. संस्थेचं केंद्र उघडायला तौर सर आणि मी गेलो तर दारात माणसं उभी होती. एक म्हातारे गृहस्थ, सोबत पुतण्याची विधवा आणि तिचं लहान मूल. त्यांच्या मागे दोन निवृत्त शिक्षिका, एकीच्या हातात छत्री, दुसरीच्या हातात पहिलीची पिशवी. सुरवसेनं दाखला लोकांना वाचून दाखवायला खरंच सुरुवात केली होती.

“इथं घरचे असल्याचा दाखला मिळतो म्हणे,” छत्रीवाल्या बाई म्हणाल्या. “आम्ही दोघी बावीस वर्षं एकत्र राहतो. कुणाला काय सांगायचं तेच कळत नाही.”

तौर सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटातून जावक रजिस्टर काढलं. या वेळी तोंड बंद ठेवलं.

“बसा,” सर म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “चूल एक आहे का?”

“चूल नाही हो सर,” बाई काळजीत पडल्या. “गॅस आहे. दोन बर्नरचा.”

सरांनी क्षणभर विचार केला.

“चालेल,” ते म्हणाले आणि लिहायला लागले.